दोष जिभेचा की कानाचा?

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी बोलण्यावरून माणसाची पारख करण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्याच विषयाला देते आहे. सगळी पत्रं घेता आली नाहीत. जी वाचून मी थांबले, तेवढी घेतली आहेत. काही पत्रं आखूड केली आहेत, शब्द मात्र तुमचेच ठेवले आहेत.

प्रश्न: माझी मुलगी पाचवीत आहे. आमच्या घरी सगळे ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ असंच बोलतात. वर्गात बाईंनी तिला उभं करून ‘पाणी’ हा शब्द दहा वेळा म्हणायला लावला. दहाव्या वेळी तिला जमला, बाईंनी शाबासकीही दिली. पण त्या दिवसापासून ती हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी गप्प बसते. घरी आजीला मात्र सारखी टोकते, ‘आजी, पानी नाही, पाणी!’ आजी हसते. मला हसू येत नाही. मी तिचे उच्चार सुधारायचे, की बाईंशी भांडायचं?

उत्तर: आधी त्या शब्दाकडेच बघू या. हे तुम्ही मुलीलाही सांगू शकता, पाचवीतल्या मुलीला ते नीट कळतं.

संस्कृतात शब्द होता ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगं. त्यात ‘न’ आहे. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि मराठीत ‘पाणी’ आलं. ‘जन’चा ‘जण’ झाला, ‘नवनीत’चं ‘लोणी’ झालं, ते याच वाटेनं. आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो ‘ण’ एके काळी बदललेला, घसरलेला उच्चार होता. हिंदीत हाच शब्द आजही ‘पानी’ आहे. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडून तो ऐकताना मराठी माणसाच्या कपाळावर एकही आठी पडत नाही. आवाज तोच, अर्थ तोच. तुमच्या मुलीच्या तोंडून आला की मात्र तो तिला वर्गात उभं करण्याइतका खटकतो. मग नक्की खटकलं काय? ‘न’ खटकला असता तर तो हिंदीतही खटकला असता. ‘न’ म्हणणारी माणसं कोणत्या घरातली, हे आपल्या कानाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कान ते ओळखतो, आणि खापर जिभेवर फोडतो.

मी भाषाविज्ञान शिकवत होते तेव्हा दर वर्षी वर्गात ‘र’ची गोष्ट सांगायचे. १९६२ साली विल्यम लबॉव्ह हे संशोधक न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेले. एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त. तिथल्या नोकरांना त्यांनी अशी वस्तू कुठे मिळेल ते विचारलं, जी चौथ्या मजल्यावर आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोर’. ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा विचारायचे. त्या दोन शब्दांतला ‘र’ माणूस उच्चारतो की गिळतो, एवढंच त्यांना टिपायचं होतं. २६४ जणांचे उच्चार टिपून झाले तेव्हा दिसलं की दुकान जितकं महाग तितका तो ‘र’ जास्त. न्यूयॉर्कमध्ये ‘र’ म्हणणं हे वरच्या थराचं लक्षण. आता समुद्र ओलांडून इंग्लंडात या. तिथल्या सगळ्यात प्रतिष्ठित उच्चारात नेमका हाच ‘र’ गिळला जातो, आणि तो ठसठशीत उच्चारणारा गावाकडचा समजला जातो. ज्या आवाजानं एका काठावर मान मिळतो, त्याच आवाजानं दुसऱ्या काठावर जातो. आवाजात स्वतःचं असं काही उच्च-नीच असतं, तर हे झालं नसतं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे वाचून मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ते वाक्य मुलगी आजीला टोकते त्याचं आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या वेल्सच्या काही शाळांत एक लाकडी तुकडा असायचा. जो मुलगा वेल्श, म्हणजे घरची भाषा, बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचे. त्यानं दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. दिवस संपताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. जगाच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या ओकिनावा बेटांवर, बेटावरची भाषा बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात अशीच पाटी अडकवत. तीही अशीच हातोहात फिरायची. मला त्यातल्या माराहून भयंकर वाटतं ते मुलांनाच एकमेकांवर पहारा करायला लावणं. मुलं आपलंच घर पकडून द्यायला शिकतात. तुमची मुलगी आजीला टोकते तेव्हा ती गळ्यातली पाटी आजीच्या गळ्यात घालत असते. तिचा यात काडीचाही दोष नाही. पाटी उतरवायचा तेवढा एकच मार्ग तिला दाखवला गेला आहे.

प्रमाण मराठी तिला आलीच पाहिजे. परीक्षा, नोकरी, कचेरी, सगळ्यांची दारं त्या भाषेनं उघडतात, आणि ‘तुझी बोलीच सुंदर आहे, तीच बोल’ असं म्हणून मुलांना दाराबाहेर ठेवणाऱ्या कौतुकाचा मला राग येतो. पण ‘प्रमाण’ म्हणजे माप. सगळ्यांनी सोयीसाठी मानलेलं एक माप. ‘शुद्ध’ हा शब्द वेगळा आहे. एक उच्चार शुद्ध म्हटला की दुसरा आपोआप मळका ठरतो, आणि त्याच्याबरोबर तो बोलणारी आजीही.

अमेरिकेत ॲन आर्बर या गावी ११ कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळेविरुद्ध दावा लावला होता. मुलं वाचनात मागे पडत होती. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. मुलांच्या घरच्या भाषेत त्यांनी खोट काढली नाही. वाचन शिकवताना शिक्षकांनी ती भाषा लक्षातच घेतली नाही, याकडे त्यांनी बोट दाखवलं, आणि ती ओळखायला शिक्षकांना शिकवा असा आदेश दिला. शिकण्याचं ओझं मुलांच्या डोक्यावरून उचलून मोठ्यांच्या डोक्यावर ठेवणारा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

बाईंशी भांडू नका. त्यांनी शाबासकी दिली, म्हणजे मनात वाईट नव्हतं. त्यांना जाऊन भेटा आणि मुलगी गप्प झाली आहे एवढं सांगा. बहुतेक त्यांना ते माहीतच नसेल. दोन गोष्टी मागा. मुलगी उत्तर देत असेल तेव्हा आधी उत्तर पुरतं ऐकावं, आणि उच्चाराचं जे सांगायचं ते नंतर, तिच्या बाकापाशी येऊन सांगावं. घरी मुलीच्या हातात एक वही द्या. आजीचे असे शब्द तिला लिहायला सांगा, जे पुस्तकात सापडत नाहीत. दहा तरी मिळतीलच. ते शब्द तिला आजीलाच विचारावे लागतील, म्हणजे ती आजीला टोकायच्या ऐवजी आजीकडून शिकायला बसेल.

प्रश्न: मी एका कंपनीत माणसं निवडण्याचं काम करते. पहिली फेरी फोनवर असते. जात, धर्म, गाव मी कधीच विचारत नाही. पण दोन मिनिटांत माणूस ‘पॉलिश्ड’ आहे की नाही ते मला कळतं आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. तुम्ही याला भेदभाव म्हणाल का? पण काहींचं बोलणं खरंच समजत नाही.

उत्तर: हो, म्हणेन. तुमच्यावर रागावून म्हणत नाही, कारण मीही ते वर्षानुवर्षं केलं आहे.

तुम्हाला विचारावं लागत नाही, कारण आवाज आपण होऊन सांगतो. जॉन बॉ नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्यांना तीन धाटणीचं इंग्रजी सहज बोलता येतं: गोऱ्यांचं प्रमाण इंग्रजी, कृष्णवर्णीयांचं, आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या घरमालकांना त्यांनी या तिन्ही धाटणींत फोन केले. वाक्य तेच: जाहिरातीतल्या घराबद्दल बोलायचं आहे. ज्या वस्त्यांत गोरे जास्त, तिथे गोऱ्या उच्चाराला घर बघायला या म्हणणारे खूप होते, बाकी दोन्ही उच्चारांना बरेच कमी. १९९९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यातच आणखी एक गोष्ट तपासली होती. नुसता ‘हॅलो’ ऐकवून बोलणारा कोणत्या गटातला ते विचारलं, तर बहुतेक लोक बरोबर ओळखत होते. एक शब्द! त्या घरमालकांनीही कुणाला वंश विचारला नव्हता.

‘माझा अंदाज चुकत नाही’ असं तुम्ही म्हणता. तो चुकला हे तुम्हाला कळणार कुठून? ज्यांना नाकारलंत ती माणसं पुढे काय करून दाखवतात, हे तुमच्यापर्यंत कधीच पोचत नाही.

१९६० साली कॅनडात माँट्रियलला वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना सांगितलं की ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत, आवाजावरून त्यांचे गुण ठरवा. तोच माणूस इंग्रजीत बोलला की इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना जास्त बुद्धिमान, जास्त भरवशाचा वाटला. एवढंच नाही, तो उंचही वाटला. एकच माणूस भाषा बदलल्यानं उंच झाला! आणि जे फ्रेंचभाषक विद्यार्थी होते त्यांनीही इंग्रजी आवाजांनाच वरचे गुण दिले. आपल्या भाषेतल्या आवाजांबाबत ते इंग्रजीभाषकांपेक्षाही कठोर निघाले. सत्ता कुणाची आहे हे कानात किती खोल जातं, ते मला यातून कळलं. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचाही कान सत्तेच्याच बाजूनं लागतो. म्हणून ‘मी स्वतः खालून वर आले आहे, मी भेदभाव कसा करीन’ हे म्हणणं टिकत नाही.

‘पण काहींचं बोलणं खरंच समजत नाही’ असं तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. तेही तपासून पाहा. १९९२ साली डोनल्ड रुबिन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. इंग्रजी तिची जन्मभाषा होती. काहींच्या समोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींच्या समोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल ऐकू आला. आणि नंतर व्याख्यानावर प्रश्न विचारले तेव्हा त्यांना गुणही कमी मिळाले. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच कमी समजलं होतं. पण ‘समजत नाही’ याचं कारण वक्त्यात नव्हतं, आधीच मिटलेल्या कानात होतं.

माझं सांगते. तोंडी परीक्षांना मी गुण द्यायचे तेव्हा एका वर्षी सहकाऱ्याला विनंती करून काही उत्तरं टाइप करून घेतली आणि नावं झाकून वाचली. एका मुलाला मी जेमतेम पास केलं होतं. कागदावर त्याचं उत्तर त्या वर्गातलं सगळ्यात नेमकं होतं. मला तोंडी परीक्षेत ऐकू आला होता तो त्याचा हेल, उत्तर ऐकूच आलं नव्हतं. त्याचे गुण बदलता आले. त्याच्या आधीच्या वर्षांतल्या मुलांचे आले नाहीत.

तुम्हीही हे करू शकता. फोन करण्याआधी पाच प्रश्न आणि बऱ्या उत्तरात काय असायला हवं ते लिहून ठेवा. सगळ्यांना तेच विचारा. उत्तरं दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या, वाचा, मत नोंदवा, आणि मगच आवाज ऐका. काम ग्राहकांशी बोलण्याचं असेल तर ‘ऐकणाऱ्याला गोष्ट समजते का’ ही कसोटी लावा, ती रास्त आहे. ‘पॉलिश्ड’ हा शब्द मात्र अर्जावर लिहू नका. त्या शब्दाखाली नेमकं काय दडलं आहे ते एकदा सविस्तर लिहून पाहा. मला वाटतं, तीन ओळींनंतर तुमचाच हात थांबेल.

प्रश्न: बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते? व्याकरण असलेली ती भाषा, हे बरोबर का?

उत्तर: नाही. व्याकरण नसलेली बोली जगात नाही. ‘ती चुकीचं व्याकरण वापरते’ असं आपण म्हणतो तेव्हा ती दुसरं व्याकरण वापरत असते. स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं एकमेकांचं बरंचसं समजतात, तरी त्या दोन भाषा गणल्या जातात, कारण देश दोन. मँडरिन आणि कँटोनीज बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकून कळत नाही, तरी दोन्हींना चिनीच्या बोली म्हणण्याची पद्धत आहे. यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेचे अभ्यासक मॅक्स वाइनराइख यांनी १९४५ साली एक वाक्य नोंदवून ठेवलं: जिच्यापाशी लष्कर आणि आरमार आहे अशी बोली म्हणजे भाषा. ते वाक्य त्यांचं स्वतःचं नव्हतं. त्यांच्या व्याख्यानांना येणाऱ्या एका शाळामास्तरानं ते त्यांना ऐकवलं होतं.

प्रश्न: मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, एका कार्यालयात शिपाई आहे. पंचविशीतले साहेब मला नावानं हाक मारतात आणि ‘तू’ म्हणतात. मी त्यांना ‘साहेब, तुम्ही’ म्हणतो. एकदा माझा मुलगा किल्ली द्यायला आला होता, त्यानं ते ऐकलं. घरी आल्यावर विचारलं, ‘ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत का?’ मी काही बोललो नाही. एवढी बारीक गोष्ट मनाला लावून घ्यावी का?

उत्तर: दादा, ही बारीक गोष्ट नाही. एवढ्याशा शब्दात किती मावतं ते तुमच्या मुलानं एका क्षणात ओळखलं.

‘तू’ हा शब्द वाईट नाही. आई आपल्याला ‘तू’ म्हणते, मित्र म्हणतो, आपण देवालाही ‘तू’च म्हणतो. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या अशा सर्वनामांवर लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक. दोघेही ‘तुम्ही’ म्हणत असतील तर ते अंतर किंवा आदर. पण एकाकडून ‘तू’ जातो आणि दुसऱ्याकडून ‘तुम्ही’ येतो, तिथे सत्ता असते. त्या साहेबांना उलट ‘तू’ म्हणून बघायचं तुमच्या मनातही येत नाही ना? मग ती जवळीक नव्हे.

यासाठी एक बाई तुरुंगात जायला तयार झाली होती. १९६३ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती कोर्टात साक्ष देत होती. गोऱ्या साक्षीदारांना तिथे ‘मिस्टर’, ‘मिसेस’ म्हणत. तिला सरकारी वकिलानं नुसतं ‘मेरी’ म्हटलं. तिनं सांगितलं की मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी बेअदबीबद्दल तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. कोर्टात तिला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणायला हवं होतं, हे देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत नेऊन तिनं मिळवलं.

तुम्ही एवढं करावं असं मी म्हणणार नाही. तुमची नोकरी आहे, आणि अशा वेळी धोका नेहमी खालच्यालाच असतो. खरं तर सुरुवात वरून व्हायला हवी. स्वीडनमध्ये पूर्वी माणसाला त्याच्या हुद्द्यानं संबोधायची फार किचकट रीत होती. १९६७ साली ब्रुर रेक्सेद हे आरोग्य खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार आणि सगळ्यांनी मलाही तेच म्हणायचं. अशा गोष्टींनी त्या बदलाला जोर आला आणि थोड्या वर्षांत सगळ्या देशाची बोलण्याची रीत पालटली. त्यांनी सगळ्यांना ‘तू’वर आणलं. आपण सगळ्यांना ‘तुम्ही’वर आणू शकतो. दोन्हीत बरोबरी सारखीच.

हे पत्र एखादा साहेब वाचत असेल तर त्यांना सांगते: माझ्या विभागात साफसफाई करणाऱ्या बाईंना मी अनेक वर्षं ‘तू’ म्हणत होते. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवरून कळलं. उरलेले पाच महिने मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांनी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलते आहे असं वाटून.

दादा, त्या साहेबांपैकी ज्याचं मन बरं वाटतं अशा एकालाच, तो एकटा असताना सांगा, ‘मला तुम्ही म्हणाल तर बरं वाटेल.’ कारण देऊ नका, वय सांगू नका. एकानं सुरू केलं की बाकीच्यांना स्वतःचं ‘तू’ ऐकू यायला लागतं. आणि मुलाला उत्तर द्या. ‘नाहीत, मोठे नाहीत’ एवढं तरी.

प्रश्न: मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. साक्ष लिहून घ्यायला माणसांऐवजी बोलणं ओळखणारं यंत्र ठेवलं तर निदान तिथे तरी भेदभाव थांबेल ना?

उत्तर: यंत्र शिकतं ते माणसांनी निवडलेल्या आवाजांवर. २०२० साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा यंत्रणा तपासल्या, तेव्हा गोऱ्यांच्या बोलण्यातले सरासरी १९ टक्के शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यातले ३५ टक्के. म्हणून माणसं बरी, असंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी फिलाडेल्फियातल्या कोर्टात साक्ष लिहून घेणाऱ्या २७ जणांना कृष्णवर्णीयांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली होती. दर पाच वाक्यांपैकी जेमतेम तीन त्यांनी पूर्ण बरोबर लिहिली. ही रोज हेच काम करणारी, परीक्षा देऊन आलेली माणसं. साक्षीदार बोलून निघून जातो, पुढे अपिलात वाचला जातो तो कागद. तुम्ही वकील व्हाल तेव्हा आपल्या साक्षीदाराचं लिहून घेतलेलं म्हणणं त्याला वाचून दाखवायचा आग्रह धरा. प्रत्येक वेळी धरा.

प्रश्न: घर सोडून मला पंधरा वर्षं झाली. कामावर, बायकोशी, मुलांशी मी प्रमाण मराठी बोलतो. आईचा फोन आला की मात्र आपोआप घरची बोली येते. तेव्हा मी नकळत उठून बाल्कनीत जातो आणि दार ओढून घेतो. बायको म्हणते, तुझा आवाजच बदलतो. भाऊ म्हणतो, तू साहेब झालास. दोन्हीकडे मी नाटक करतो आहे असं वाटायला लागलं आहे. माझं खरं बोलणं कोणतं?

उत्तर: दोन्ही. ऐकणाऱ्याकडे झुकून बोलणं हा माणसाचा धर्म आहे. आपण लहान मुलाशी वेगळं बोलतो, म्हाताऱ्याशी वेगळं, आणि त्याला कुणी ढोंग म्हणत नाही. खटकायचंच तर हे खटकावं की हे झुकणं एकाच बाजूनं होतं. तुम्हाला दोन भाषा शिकाव्या लागल्या. ज्यांच्या घरात प्रमाण भाषाच बोलली जाते त्यांना तुमची शिकायची गरज कधी पडत नाही. त्यांना कुणी विचारत नाही की तुमचं खरं बोलणं कोणतं.

पण तुमच्या पत्रात माझं लक्ष गेलं ते दाराकडे.

माझी आईही ‘पानी’ म्हणायची. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, आरशासमोर जीभ उलटी वळवून मी ‘ण’ घोटला होता. एकदा पाहुण्यांसमोर मी तिला दुरुस्त केलं. ती ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर पाहुणे आले की ती आतल्या खोलीत काहीतरी काम काढायची. फोन वाजला की म्हणायची, ‘तूच बोल.’ मी कित्येक वर्षं हा तिचा स्वभावच समजत होते. भाषा हा विषय शिकवत होते, तरी समजत होते.

तिच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘काय होतंय?’ तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ‘पोटात दुखतंय.’ डॉक्टर तरुण होते. म्हणाले, ‘त्यांनाच सांगू द्या.’ आईनं मला हळूच विचारलं, ‘मी बोलू?’ सत्तरी ओलांडलेल्या बाईनं स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला पोटच्या मुलीची परवानगी मागितली. मग ती बोलली. कळ कुठून उठती, कुठवर जाती, कवा ठणका लागतो आन् कवा नुसती रग राहती, रातीला कशी आग पडती. पाच मिनिटं ती सांगत होती आणि डॉक्टर लिहून घेत होते. माझ्या ‘दुखतंय’मध्ये यातलं काहीही नव्हतं.

तुमची मुलं बंद दाराबाहेरून काय शिकत असतील त्याचा विचार करा. बाबांची एक भाषा लपवायची आहे, आणि आजी त्या भाषेत राहते. भावाचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, त्याला वारंवार फोन करा, तो आपोआप निवळेल. बायकोला सांगा की आवाज बदलत नाही, तो परत येतो. आणि पुढच्या वेळी आईचा फोन आला की बसल्या जागेवरूनच बोला. मुलं विचारतील, ‘बाबा, हा शब्द काय?’ तेव्हा फोन त्यांच्या हातात द्या. अर्थ आजी सांगेल.